बुडालं तर कुणाचं?

सांगली, रविवार दुपार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा त्या वीस पौंडांच्या नोटेचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आई, ही बघ, तुला आवडेल." आवडली. चष्मा लावून, दोन बोटांनी ताणून ताणून पाहिली. बाबा म्हणाले, "पोरीचा फोटो आला तर एवढा निरखून बघत नाहीस." नोटेवर राजा नाही, राणी नाही, तुझ्या ग्लासगोत चहाची दुकानं चालवणारी केट क्रॅन्स्टन आहे. चहाच्या हॉटेलवाल्या बाईला नोटेवर बसवणारा देश मला एकदम आपला वाटला.

पण माझं खरं लक्ष बाईकडे नव्हतं, वरच्या नावाकडे होतं. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड. अडतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली वीस फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर, आणि स्कॉटलंडात तीन बँका अजून स्वतःच्या नावाच्या नोटा काढतात हे सीएआयआयबीच्या, म्हणजे आम्हा बँकवाल्यांच्या परीक्षेपुरतं वाचलं होतं. पाहिली मात्र आत्ता, तीही तुझ्या हातात. आपल्या शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला शंभर रुपये द्यायचं वचन देतात. एक रुपयाच्या नोटेवर तसं वचन नसतं, ती सरकारची स्वतःची, तिच्यावर वित्त सचिवांची सही. तुझ्या नोटेवर वचन देतेय एक बँक. म्हणजे उद्या ती बँकच बसली तर?

माझ्या पहिल्या शाखेतले मॅनेजर साहेब प्रत्येक कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पेन हवेत धरून हाच प्रश्न विचारायचे. "बुडालं तर कुणाचं?" बुडेल का, असं नाही विचारायचे. ते गृहीतच. आम्ही नवीन पोरं-पोरी मनात हसायचो. मला वाटतं, तुझ्या एमएस्सीचं अर्धं पुस्तक त्या तीन शब्दांत मावेल, पण तसं म्हटलं की तू डोळे फिरवतेस, म्हणून सावकाश सांगते.

तुझ्या नोटेपुरतं उत्तर सोपं निघालं. मी शोधून काढलं. त्या बँकांना आपल्या नोटांइतकी मालमत्ता बाजूला ठेवावी लागते, आणि तिचा मोठा भाग असतो बँक ऑफ इंग्लंडमध्ये. त्यासाठी तिथे दहा लाख पौंडांची एक नोट असते, तिला जायंट म्हणतात, आणि दहा कोटींची एक, तिला टायटन. त्या कधी कुणाच्या पाकिटात जात नाहीत, तिजोरीत पडून असतात. तुझी चहावाली बाई त्या राक्षसाच्या जिवावर फिरते. आता लंडनचा दुकानदार ही नोट घ्यायला कां-कूं करतो असं तू म्हणालीस, त्याला हे सांगून बघ. घेणार नाहीच, पण सांग.

मात्र हे असं कायम नव्हतं. तू राहतेस त्याच गावात १८७८ च्या ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बंद पडली. तुमच्याकडे हल्ली सगळी कथा २००८ मध्ये बुडालेल्या अमेरिकेतल्या लेहमन बँकेपासून सुरू करतात, त्यामुळे ती तुझ्या नोट्समध्ये नसेलही. ताळेबंदात खोट्या नोंदी, तिजोरीत होतं त्याहून जास्त सोनं दाखवलेलं, आणि कर्जं वाटलेली मोजक्या पेढ्यांना, त्यातल्या काही आपल्या हिंदुस्थानच्या व्यापारातल्या. नेहमीचंच. पण गंमत पुढे आहे. ठेवीदारांचे पैसे पुरते परत मिळाले. कुठून? भागधारकांच्या घरांतून. त्या बँकेच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. शंभर पौंडांच्या शेअरमागे आधी ५०० पौंड मागितले, मग वर २,२५०. एकूण भागधारक १,८१९. त्यांत विधवा, लग्न न झालेल्या बायका, चर्चचे पाद्री, दुसऱ्यांच्या पैशांचे विश्वस्त. सगळं फेडून उभे राहिले ते २५४. संचालकांवर एडिंबरोत खटला चालला आणि त्यांना शिक्षा झाल्या आठ महिने ते दीड वर्षाच्या. त्या आठ महिन्यांचा मला आज दीडशे वर्षांनी राग येतो.

आपल्याकडे बुडालेलं दुसऱ्या टोकाला जाऊन पडतं, ठेवीदारावर. तुला आजोबांच्या पावत्या आठवत नसतील. आपल्या भागातल्याच, पुढे बुडालेल्या एका नागरी बँकेत त्यांच्या तीन ठेवी होत्या, प्रत्येकी एक लाखाची. तीन पावत्या केल्या की तीन विमे मिळतात असं त्यांना कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं होतं. विमा पावतीला नसतो, एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मिळून असतो. तेव्हा तो एक लाख होता, २०२० पासून पाच लाख. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ मध्ये हा विमा आला, सुरुवातीला फक्त १,५०० रुपयांचा. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. पण आजोबांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी त्यांचं कपाट उघडून पावत्या पाहिल्या नाहीत. वरच्या दोन लाखांतले थोडे आले, तेही ते गेल्यावर.

असो.

तू फोनवर म्हणालीस, "आई, तुमचं बँकिंग आता म्युझियममध्ये आहे." मला राग आला नाही. थोडा आला. तुझ्या डिझर्टेशनचा विषयही मी ऐकून घेतला, मशीन लर्निंगने कर्ज बुडण्याचा अंदाज. एकशे ऐंशी क्रेडिटपैकी साठ त्या एका प्रबंधाचे, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. आणि मग तूच हसत सांगितलंस की वर्गातल्या बऱ्याच जणांनी अमेरिकन कर्जांची तीच एक फाइल इंटरनेटवरून उतरवून घेतली आहे. सोनू, त्या फाइलीत लाखो माणसं आहेत आणि तू त्यातल्या एकालाही भेटलेली नाहीस. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. मॉडेल करायला शिक, नोकरी त्यावरच मिळणार. पण तुला स्वतःला काही सांगायचं असेल तर त्या फाइलीत ते सापडेल असं मला वाटत नाही.

तू मागे मला व्हॅर समजावून दिलास ना? शंभरातले नव्व्याण्णव दिवस तोटा अमुक रकमेच्या आत राहील. फार छान समजावलंस, मास्तरीण शोभशील. मी विचारलं, "आणि शंभरावा दिवस?" तू म्हणालीस, "ते व्हॅर सांगत नाही." मग बँकांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या बासलवाल्यांनीही बाजारजोखमीसाठी व्हॅर सोडून एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल धरायचं ठरवलं, म्हणजे त्या वाईट दिवसांत सरासरी किती जाईल ते, असंही तू सांगितलंस. बरं वाटलं. कारण माझ्या आयुष्यात लक्षात राहिला तो शंभरावाच दिवस. तो तुला कधी नीट सांगितला नाही. घरी सांगण्यासारखा नव्हता.

१९९८ ची गोष्ट. आपला एक हळदीचा निर्यातदार होता. नाव नको, मुलगा अजून धंदा बघतो. मार्केट यार्डात सौद्याला उभा राहून स्वतः हळकुंड मोडून बघणारा माणूस. दाताखाली धरायचा, आवाज ऐकायचा, मग बोली. हरिपूरच्या पेवांत त्याचा माल असायचा. आखातातल्या एका गिऱ्हाइकाकडून त्याला एलसी आली होती, म्हणजे ठरल्याप्रमाणे कागद दिले की पैसे देऊ अशी गिऱ्हाइकाच्या बँकेची हमी, एक कंटेनर हळकुंडांसाठी. शेवटची शिपमेंटची तारीख ३० सप्टेंबर. माल न्हावा शेव्याला वेळेत पोचला, पण बोट लागायला उशीर झाला.

कागद माझ्या टेबलावर आले शुक्रवारी संध्याकाळी. बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, ओरिजिन सर्टिफिकेट, विम्याचा कागद, सगळं तीन-तीन प्रतींत. मी एलसी डावीकडे ठेवून एकेक ओळ जुळवत गेले. आपल्या धंद्यात बँक माल बघत नाही, कागद बघते. एलसीचे जगभरचे नियम असतात, यूसीपी, त्यांत ते स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा ५०० नंबरची आवृत्ती होती, तुला ६०० शिकवतात. आत हळद आहे की भुसा, आम्हाला देणंघेणं नाही. कागदावर हळद हवी. मालाचं वर्णन इनव्हॉइसमध्ये आणि एलसीत अक्षरशः सारखं हवं, "डबल पॉलिश्ड" मधला "डबल" सुटला तरी परदेशातली बँक बिल परत मारू शकते. तो "डबल" मी पाहिला. स्पेलिंगं पाहिली. वजनं जुळवली. बिल ऑफ लेडिंगवर खाली तारीख छापलेली होती २८ सप्टेंबर. टिक केलं.

बिल ऑफ लेडिंगच्या कोपऱ्यात एक निळा शिक्का होता, तिरका, अर्धा फिका. "शिप्ड ऑन बोर्ड", आणि खाली हाताने लिहिलेली तारीख, २ ऑक्टोबर. छापलेली तारीख माल कंपनीच्या ताब्यात आल्याची होती. बोटीवर चढल्याची तारीख शिक्क्यातली, आणि असा शिक्का असला की तीच शिपमेंटची तारीख धरायची असते. हा नियम मी नव्या मुलांना शिकवत असे. गांधी जयंतीची तारीख डोळ्यांसमोर होती आणि दिसली नाही. माझ्यावर तपासणारे अधिकारी होते, त्यांनी माझ्या टिका पाहून सही केली. त्यांना सहाची सांगली-कोल्हापूर गाडी होती. बिल निगोशिएट झालं, म्हणजे तिकडचे पैसे यायच्या आधीच आमच्याकडून निर्यातदाराच्या खात्यात रुपये जमा झाले, कागद कुरिअरने गेले.

आठवड्याभरात परदेशातल्या बँकेचा स्विफ्टवर मेसेज आला. दोन शब्द होते त्यात कामाचे, लेट शिपमेंट. कागद तुमच्यासाठी ठेवले आहेत, काय करायचं ते कळवा. दरम्यान हळदीचा भाव खाली आला होता. गिऱ्हाइकाला माल नको होता असं नाही, जुन्या भावात नको होता. एरवी त्याने दोन दिवसांचा उशीर बघितलाही नसता. त्याने बारा टक्के सूट मागितली. माल तिकडच्या बंदरात उभा, रोजचं भाडं चढतंय. आपल्या माणसाने तीन दिवस फोनवर घासाघीस केली आणि मान्य केलं. वर त्याच्या खात्यात आधी जमा केलेल्या रकमेतला फरक आणि व्याज आम्ही त्याच्याकडून वसूल केलं, कारण बिल निगोशिएट करताना ती त्याची कबुली लिहून घेतलेली असते. आमच्या बँकेचा एक पैसा गेला नाही.

माझ्याकडून खुलासा मागवला. दोन ओळींचा लिहिला, दुर्लक्ष झालं म्हणून. साहेब तोवर रिटायर होऊन मिरजेला राहत होते, मी एका रविवारी मुद्दाम गेले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. चहा झाला. मग म्हणाले, "या वेळी बुडालं त्याचं. चूक आपली. हे दोन्ही एका जागी नसतात, म्हणून तर मी विचारत होतो."

आणि तो निर्यातदार? मला वाटलं होतं शाखेत येऊन आरडाओरडा करेल. तो आला, समोर बसला, बिल ऑफ लेडिंगची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, ती तारीख कुठं बघायची तेवढं मला दाखवा. पुढच्या टायमाला मीच बघून आणतो." मी बोट ठेवून दाखवलं. त्याने पेनाने गोल केला. पुढे वर्षानुवर्षं त्याचे कागद यायचे तेव्हा त्या शिक्क्याभोवती आधीच गोल केलेला असायचा. तो गोल बघून दर वेळी मला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं वाटे.

तुमच्या पुस्तकात याला ऑपरेशनल रिस्क म्हणतात आणि त्यासाठी बँकेने भांडवल किती बाजूला ठेवायचं त्याचं सूत्र देतात. सूत्र हवंच. पण सूत्रात आमचं नुकसान येतं, त्याचं येत नाही. लंडनची बेअरिंग्ज बँक बुडाली १९९५ मध्ये, तिच्या सिंगापूरच्या ऑफिसातल्या एका पोराने सौदे करायचे आणि नोंदीही त्यानेच ठेवायच्या, तोटा ८८८८८ नंबरच्या खात्यात लपवायचा. १७६२ सालची बँक, शेवटी एका पौंडाला विकली. २०१८ मध्ये आपल्याकडे मुंबईत एलओयूंचं, म्हणजे परदेशातल्या बँकांना दिलेल्या हमीपत्रांचं प्रकरण झालं, त्यात स्विफ्टचे मेसेज बाहेर जात होते आणि बँकेच्या मुख्य प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. महिन्याभरात रिझर्व्ह बँकेने एलओयू देणंच बंद केलं. हे मोठे लोक, मोठे आकडे. यांच्यावर तुम्हाला केस स्टडी मिळतात. पण मेकर लिहितो आणि चेकर न बघता सही करतो, हे शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक शाखेत घडतं, आणि माझ्या बाबतीत घडलं ते याहून वेगळं नव्हतं. मी फक्त प्रामाणिक होते, एवढाच फरक.

म्हणून मनात एक विषय आहे. आवडला तर घे, नाही तर सोड, मी रुसणार नाही.

ब्रिटनने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रेड डॉक्युमेंट्स अ‍ॅक्ट केला. त्या सप्टेंबरपासून इलेक्ट्रॉनिक बिल ऑफ लेडिंगला तिथे कागदाइतकाच कायदेशीर दर्जा आहे. अडचण अशी होती की शतकानुशतकं बिल ऑफ लेडिंग ज्याच्या हातात त्याचा माल, आणि कॉम्प्युटरमधली फाइल "हातात" कशी धरायची? एकाच वेळी दोघांकडे नसावी, दिली की आपल्याकडे उरू नये, हे जमलं पाहिजे. तो प्रश्न त्या कायद्याने सोडवला. आपल्याकडेही १८५६ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा बिल्स ऑफ लेडिंग कायदा आला. मग सांगलीचा हळदवाला, तासगावचा बेदाणेवाला, नाशिकचा द्राक्षवाला, यांच्यापर्यंत हे पोचायला मध्ये काय काय आडवं येतं? आमच्या टेबलावर दहातले सहा-सात संच पहिल्या फेरीत काही ना काही खोट घेऊन यायचे. त्यातल्या किती चुका यंत्र पकडेल आणि किती भाव पडल्यावरच "सापडतात"? हा शेवटचा प्रश्न माझा लाडका आहे. भाव आणि डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांतली खोट, यांचा संबंध आकड्यांत कुणी दाखवला तर मी ग्लासगोला येऊन पेढे वाटीन. मॉडेल तिथेही लागेल, तुझं मशीन लर्निंग वाया जाणार नाही. आणि बोलायला माणसं हवी असतील तर मी आहे, माझ्या बॅचचे चौघं आहेत, तो निर्यातदाराचा मुलगा आहे. त्याला विचारलं मी. "ताईंना सांगा, वडिलांच्या फायली माळ्यावर आहेत," म्हणाला. उंदरांनी काय ठेवलंय ते बघावं लागेल.

तुझ्या गाईडला हे फार व्यवहारी वाटेल कदाचित. वाटू दे. विचारून तर बघ.

आता घरचं. तुला फोनवर सांगायचं टाळत होते, पण बाबांनी गेल्या आठवड्यात अर्धवट बोलून टाकलं, तेव्हा पूर्णच सांगते.

आपण हिशेब मांडला तेव्हा पौंड ११० धरला होता. आठवतं, मी वहीत लिहून दिला होता, खाली दोन रेघा मारून. जानेवारीत फीचा दुसरा हप्ता भरला तेव्हा पौंड १२१ च्या पुढे होता. बारा हजार पौंडांवर अकरा रुपयांचा फरक, म्हणजे एक लाख बत्तीस हजार. वीस वर्षं मी निर्यातदारांना, आयातदारांना ओरडून सांगितलं, उघडं राहू नका, फॉरवर्ड बुक करा, म्हणजे पुढचा दर आजच ठरवून ठेवा, रेट आपला मित्र नाही. १९९१ च्या उन्हाळ्यात रिझर्व्ह बँकेने आयातीच्या एलसीवर २०० टक्के मार्जिन लावलं होतं, म्हणजे लाखाचा माल आणायला दोन लाख रोख आधी ठेवा. काउंटरवर लोक हात जोडून उभे राहायचे तेव्हा मी तिथे होते. जुलैत रुपया दोन दिवसांच्या अंतराने दोनदा खाली आणला आणि ४७ टन सोनं इंग्लंड-जपानकडे गहाण ठेवायला निघालं, तेव्हाही मी त्याच टेबलावर होते. एवढं पाहिलेली बाई स्वतःच्या पोरीच्या फीला उघडी राहिली. सप्टेंबरात सगळी एकदम भरून टाकली असती तरी वाचले असते. मला वाटलं, पौंड थोडा उतरेल. हे वाक्य मी किती गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि किती वेळा मनात हसले आहे!

तर त्या लाख-दीड लाखाची सोय झाली आहे, माझी एक ठेव मोडली, काळजी नको. शिफ्ट वाढवून घेऊ नकोस. व्हिसाला टर्ममध्ये आठवड्याला वीस तासच चालतात. ते एकवीस झालेले मला चालणार नाहीत. त्या दुकानात रात्रीचं काम असेल तर तेही नको.

कर्जाचं पण बोलू. कागदावर तू कर्जदार आणि मी सहकर्जदार आहे, तारण हा फ्लॅट आहे. सही करताना माझ्यासमोर बसलेला अधिकारी माझ्याच हाताखाली शिकलेला होता, त्याला संकोच वाटत होता. मी म्हटलं, "विचार, जे विचारायचं ते." त्याने विचारलं नाही, म्हणून मीच मनात विचारलं. बुडालं तर कुणाचं? माझं आणि बाबांचं. ते मी पेन हातात असताना जाणून सही केली आहे. तू हे ओझं म्हणून घेऊ नकोस. उलट सांगायचं आहे ते असं: हप्ता फेडायचा म्हणून मिळेल ती पहिली नोकरी धरू नकोस. कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्ष हप्ता सुरू होत नाही. व्याज चढतं, ते मी महिन्याच्या महिन्याला भरते आहे, म्हणजे मुद्दलात मिसळणार नाही. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. पेन्शनीतून होतं, ओढाताण नाही. आणि दोन वर्षं तिथे राहून जमलं नाही तर परत ये. मुंबईत बीकेसीला माणसं लागतात, गिफ्ट सिटीला लागतात, आणि त्यांना बिल ऑफ लेडिंगचा शिक्का कुठे बघायचा ते ठाऊक नसतं, हे मी तुला खात्रीने सांगते.

बाबा विचारताहेत, थंडी कमी झाली का. त्यांना तिकडचा उजेड किती वाजता जातो यात फार रस आहे. रोज फोनवर ग्लासगोचं हवामान बघतात आणि मला न विचारता सांगतात. आज पाऊस आहे म्हणाले. कालही होता.

मेतकूट, लसणाची चटणी आणि थोडी हळद पोस्टाने टाकली आहे. हळद आपल्या त्याच दुकानातली, राजापुरी. कस्टम्सच्या कागदावर "टर्मरिक पावडर" लिहून वजन नीट टाकलं आहे, दोनदा तपासलं. पार्सल फुटलं असेल तर तसाच फोटो काढून ठेव, मग उघड.

आणि ती नोट खर्च केली नसशील तर दुसऱ्या बाजूचा फोटो पाठव, खारी बघायच्या आहेत. पुढची बाजूही पुन्हा एकदा उजेडात धरून काढ. वचनाखालची सही मला काही केल्या वाचता आली नाही.

तुझी,
आई